खाटेवरून उतरणारा

रात्रपाळी मला कुणी दिली नाही, मी ती भांडून घेतली. दवाखान्यात नव्यानं लागलेले सगळे दिवसपाळीसाठी धडपडत, आणि मी मात्र कंपाउंडरच्या मागे लागलो होतो की मला रात्री टाका. त्याला वाटलं, जवळच्या रनाळे गावचा माणूस, दिवसा शेतावर राबायचं असेल. तसं काही नव्हतं. दिवसा वॉर्डात डॉक्टरसाहेब असत, नातेवाईक असत, आणि कुणी ना कुणी सारखं मला हाका मारी. मला हाका मारलेल्या सोसत नाहीत. आई म्हणायची, ह्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर सांगू नका, नुसतं समोर ठेवून निघून जा.

रात्री तसंच होतं. काम समोर पडलेलं असे आणि सांगणारं कुणी नसे.

नंदुरबारच्या त्या दवाखान्यात मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. ज्यांचं दुखणं लांबतं त्यांची ती खोली, म्हणून आम्ही तिला लांबणीची खोली म्हणत असू. हाडं मोडलेले, एक अंग लुळं पडलेले, रेल्वेच्या कामावर पाय गमावलेले असे लोक तिथे महिनोन्‌महिने राहत. तापाच्या वॉर्डात माणूस एक तर बरा होतो नाही तर जातो. आमच्या खोलीत माणसं ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकलेली असत, आणि त्यांना पुन्हा बसायला, उभं राहायला, घास तोंडात घालायला शिकायचं असे. त्यांची कूस बदलायची, पाठीला स्पिरिट लावून पावडर चोळायची, भांडी द्यायची आणि धुवायची, आखडलेल्या सांध्यांना कोमट तेल लावायचं, हे माझं काम. लढाईचे दिवस होते, रॉकेल जपून जाळावं लागे. एकच कंदील, तोही बारीक केलेला. खोलीच्या टोकाला पाणी तापवायची कोळशाची शेगडी असे, तिचा उजेड जवळजवळ कंदिलाएवढाच पडे.

त्या उजेडात मी जे पाहिलं ते दिवसपाळीवाल्यांना सांगून पटायचं नाही. दारालगतच्या खाटेवर गावातले एक पिंजारी चाचा होते. आयुष्यभर कापूस पिंजलेला माणूस, अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात मेल्यासारखा पडलेला. डॉक्टर रोज म्हणायचे, बोट हलवा. बोट हलायचं नाही. पण पहाटे चाचा अर्धवट झोपेत जांभई देत, आणि जांभई आली की तो मेलेला हात आपोआप गादीवरून वर उचलला जाई, थोडा वेळ तसाच राही आणि खाली येई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभाच राहिलो. चाचांना सांगितलं तर ते रडले. म्हणाले, मग तो आहे तर खरा, नुसता माझ्यावर रुसलाय. मला तेव्हापासून असं वाटायला लागलं की माणसाच्या अंगाला माणसापेक्षा जास्त ठाऊक असतं, फक्त ते चारचौघांत बोलत नाही.

दिवाळीनंतर सातपुड्यातून एक माणूस आला. आला म्हणजे आणला. लाकूडतोडीत सागाचं खोड मांडीवर पडलं होतं. बांबूला झोळी बांधून त्याच्या भावांनी आणि गाववाल्यांनी त्याला डोंगर उतरवला, तापी ओलांडली, आणि दवाखान्याच्या ओट्यावर झोळी ठेवली तेव्हा तो शुद्धीवर होता आणि कण्हतही नव्हता. अंगानं काटक, वयानं माझ्याच आसपासचा. घरची बोली पावरी. बाजारहाटापुरती अहिराणी येत होती, ती तो एकेक शब्द तोलून वापरी.

डॉक्टरांनी मांडीच्या हाडाला ओढ दिली. पायाला पट्ट्या चिकटवल्या, दोरी कप्पीवरून घेतली आणि दोरीला विटा टांगल्या. त्या विटा त्यानं थंडीभर सोसल्या. हाड जुळलं, विटा निघाल्या, पण गुडघा लाकडासारखा झाला होता. दिवसा दोघं जण त्याला काखेत धरून उभं करीत. पाय लटलट कापे, तो डोळे मिटून घेई आणि पुन्हा खाटेवर कोसळे. डॉक्टरांचा स्वभाव कडक होता, पण माणूस तळमळीचा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा आता उभा राहिला नाही तर कधीच राहणार नाही. त्याच्या गावाला गाडीवाट नव्हती. शेवटची सगळी चढण पायवाटेची. पाय नाही म्हणजे घर नाही, इतकं ते सरळ होतं.

होळी अजून बरीच लांब होती तेव्हा एका रात्री तो मला फरशीवर दिसला. खाटेच्या बाजूला, घोंगडीवर, उताणा.  पहारेकऱ्याला बोलावलं, दोघांनी त्याला उचलून वर ठेवलं, आणि सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं की हा झोपेत पडला. त्यांनी हाड तपासलं, ठीक होतं. पण हुकूम दिला की रात्री खाटेच्या दोन्ही बाजूंनी दोर बांधा. जुळलेलं हाड अजून कोवळं आहे, पुन्हा मोडलं तर मी काही करू शकणार नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं.

दुसऱ्या रात्री मी दोर बांधला. पाणी आणायला विहिरीवर जाऊन आलो तर हा पुन्हा खाली, आणि दोर सोडून, नीट गुंडाळून उशाशी ठेवलेला. आता मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नाही. माझी नोकरी घालवायला आलास का, पडून पाय मोडून घ्यायची हौस आहे का, असं बरंच काही बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला,

“मी पडनू नही. मी उतरनू.”

“काब्र उतरना?” का म्हणून, मी विचारलं.

“पाळणी शे. मन्ही पोरसाठे.”

मग तुटक तुटक करून त्यानं सांगितलं. त्याची पहिली मुलं जगली नव्हती. ही मुलगी झाली तेव्हा तो होळीला नवस बोलला होता की पोर जगली तर इतक्या होळ्यांना मी बुध्या होईन. डोंगरातली होळी मी लहानपणी एकदा वडिलांबरोबर पाहिली होती. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधून नवस बोललेले पुरुष, तेच बुध्या, रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. पण हे नाचणं सगळ्यात शेवटी. त्याआधी ज्यानं जितके दिवस बोललेले असतील तितके दिवस पाळणी पाळायची. खाटेवर निजायचं नाही, अंघोळ करायची नाही, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, आपलं आपण रांधायचं. ह्याची ती शेवटची होळी होती. ती झाली की पोरगी पूर्ण त्याची. 

मी म्हटलं, ठीक आहे, मी तुला खाली घेतो आणि पहाटे वर ठेवतो. त्यानं नकाराची मान हलवली. दुसऱ्याच्या हातानं उतरलो तर ती पाळणी कसली, असा त्याचा हिशेब.

त्या रात्री मी दोर उचलला आणि कोपऱ्यात टाकला. डॉक्टरांचं ऐकायचं की ह्याचं, ह्यावर मी फार डोकं चालवलं असं म्हणणार नाही. तो वर कसा चढतो ते मला पाहायचं होतं.

पहाटे पाहिलं. आधी तो पालथा झाला. मग दोन्ही कोपरं गादीवर रोवली, चांगला गुडघा जमिनीवर टेकवला, आणि खोगीर नसलेल्या घोड्यावर चढावं तसं छाती वर ओढत ओढत अंग खाटेवर घेतलं. मोडका पाय मागून आला. अधेमधे तो थांबे, कपाळ गादीला टेकवून श्वास घेई. घामानं पाठ चमकत होती. वर पोहोचल्यावर त्यानं चादर अंगावर ओढली, जशी काही रात्रभर तो तिथेच होता. डॉक्टरांना राग येऊ नये, आणि माझ्यावर बालंट येऊ नये, म्हणून तो उजाडायच्या आत वर चढे. दिवसा दोन माणसांच्या आधारानं न हलणारा पाय तो हाच, ह्यावर माझा विश्वास बसेना.

मग जेवणाचं प्रकरण निघालं. दवाखान्याची भाकर तो घेई आणि खिडकीतून कुत्र्याला टाकी. कुत्रं गुबगुबीत व्हायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. भावांनी ठेवलेल्या गाठोड्यात ज्वारीचं पीठ होतं, मीठ होतं, मिरच्या होत्या. विस्तव खोलीच्या टोकाला. म्हणजे खाटेवरून उतरून थेट शेगडीपर्यंत जायचं, भाकर थापायची, भाजायची, खायची आणि परत यायचं. मी म्हटलं, शेगडी तुझ्याजवळ आणून ठेवतो. तो हसला. फरशीवर कोळसा सांडून आग लागली तर, म्हणाला. मला वाटतं त्याला चालायचं निमित्त हवं होतं.

पहिल्यांदा तो बसून सरकत गेला, हातांवर भार देऊन, पीठ कमरेला बांधून. जाऊन येईपर्यंत चाचांचे दोन वेळा डोळे लागून उघडले. पुढे काही रात्रींनी तो खाटांचे गज धरून उभा राहायला लागला. एका खाटेचा गज सोडायच्या आधी दुसरीचा पकडायचा. जिच्याजवळून तो जाई त्या खाटेवरचा माणूस आपले पाय आत ओढून घेई. कुणी बोलत नसे. पण सगळे जागे असत, हे मला श्वासांवरून कळे. जन्मात एकमेकांच्या हातचं पाणी न प्यालेली माणसं त्या खोलीत होती, आणि ती सगळी ह्याच्या भाकरीची वाट बघत पडलेली असत.

एकच जागा अवघड होती. दाराशी दोन खाटांमधे मोकळी वाट सोडलेली होती. तिथे धरायला काही नव्हतं. तिथे आलं की तो खाली बसे, सरकत ती वाट ओलांडे, आणि पलीकडे पुन्हा गज धरून उठे. अलीकडची खाट चाचांची.

एका रात्री तो तिथे आला आणि बसला नाही. चाचांच्या खाटेचा गज धरून नुसता उभा राहिला, खूप वेळ. मी उठून त्याच्याकडे निघालो. चाचांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, “बेटा, उसको मत छू.”

त्यानं गज सोडला.

मी शेतकऱ्याच्या घरचा. वासरू जन्मल्यावर उभं राहताना मी किती वेळा पाहिलंय, आणि दर वेळी मला हसू आलंय. त्या रात्री हसू आलं नाही. तो माणूस त्या मोकळ्या फरशीवर उभा होता, हात दोन्ही बाजूंना जरासे उघडे, आणि त्याच्या तळपायापासून मानेपर्यंत काहीतरी सारखं चाललेलं होतं. इथे थोडं झुकणं, तिथे थोडं सावरणं. आपण उभे राहतो तेव्हा आपल्याही अंगात हे सगळं चालत असणार, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मी जन्मभर उभा राहिलो आणि उभं राहणं म्हणजे काय ते मला त्या रात्री दिसलं. मग मोडका पाय पुढे आला. टेकला. चांगला पाय त्याच्यामागून आला. पलीकडचा गज हातात आला तेव्हा खोलीभर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. त्यानं नेहमीसारखी भाकर केली, आणि नेहमीसारखी करपवली. स्वयंपाकात त्याला काडीची अक्कल नव्हती.

अंघोळीवरून दिवसपाळीची सिस्टर माझ्याशी भांडली. तो अंग पुसू देत नाही आणि त्याचा वास येतो, असं तिचं म्हणणं. वास येतच होता. मी म्हटलं, रात्री मला सर्दी असते.

होळी तोंडावर आली आणि त्याचे भाऊ त्याला न्यायला आले. सकाळची वेळ, मी कामावरून निघतच होतो. डॉक्टर फेरीवर होते. थोरला भाऊ पुढे आला आणि दाराशीच थबकला. त्याचा भाऊ खाटेवर, गादीवर, चादर पांघरून पडलेला होता. नेहमीसारखा पहाटे चढून बसलेला. डॉक्टरांची मर्जी राखायला आणि माझी नोकरी राखायला.

थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला.  खाटेवरच्या धाकट्यानं एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि नजर खाली घातली. तेव्हा मला कळलं की हा गप्प का आहे. खरं बोलावं तर मी दोर बांधत नव्हतो हे उघडं पडतं. न बोलावं तर पाळणी मोडली असं होतं, आणि मोडलेल्या पाळणीच्या माणसाला होळीत घुंगरं कोण बांधू देणार? ज्या पोरीसाठी त्यानं रात्री रात्री ती फरशी तुडवली, त्या पोरीचं सगळं पणाला लावून तो माझ्यासाठी तोंड मिटून बसला होता. मी कोण त्याचा? भांडी धुणारा.

थोरला माझ्याकडे वळला. “हाऊ खाटवर निजस का?”

मी म्हणालो, “हाऊ खाटवर निजना नही. एक बी रात नही. मी दखेल शे.”

डॉक्टरांना अहिराणी पुरती कळत नसे, पण खाट आणि नही एवढं कुणालाही कळतं. त्यांनी विचारलं, काय म्हणालास? मग मी सगळं मराठीत सांगितलं. दोर, फरशी, शेगडी, दाराची वाट. ते लाल झाले. मला वाटलं आता संपलं. पण त्यांनी माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “मग वर कसा चढतोस?”

तो उतरला. तसाच पालथा होऊन, चांगला पाय आधी. जमिनीवर बसला, घोंगडी सारखी केली. मग वळला आणि कोपरं रोवून, छाती ओढून वर चढला. मग पुन्हा उतरला. गज धरून उभा राहिला आणि चालायला लागला. दिवसाच्या उजेडात मी त्याला पहिल्यांदाच चालताना पाहत होतो, आणि उजेडात पाय किती आखूड झालाय तेही दिसत होतं. दाराच्या मोकळ्या वाटेत त्याचे भाऊ उभे होते. ते बाजूला झाले. तो त्यांच्यामधून, कुणाला न धरता, पलीकडे गेला.

डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मांडी, गुडघा, पोटरी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिले. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. सिस्टरला म्हणाले, ही खाट इथून काढा. मला म्हणाले, तुझं नंतर बघतो. ते नंतर कधी आलं नाही.

डॉक्टरांनी सोडेपर्यंत खाटेच्या रिकाम्या जागी तो आणि त्याचे दोघे भाऊ एका ओळीत फरशीवर झोपले, आणि मी त्यांच्या डोक्यांवरून उड्या मारत भांडी नेत राहिलो. मग ते गेले. तापीपर्यंत गाडी, पुढे नाव, आणि डोंगर लागल्यावर दोन काठ्या. भावांनी खांद्यावर घेऊ म्हटलं तर तो घेऊ देणार नाही, हे मला ठाऊक होतं. होळीच्या रात्री मी कामावर होतो. चंद्र मोठा होता, कंदील विझवला तरी चाललं असतं. चाचा जागे होते. पहाटे डोंगरात होळी पेटायच्या सुमाराला चाचांनी मला दार उघडायला सांगितलं. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं. सातपुडा तिथून फार लांब.

पावसाळ्याच्या तोंडाला तो आला. दिवसा आला, पण मी पगारासाठी थांबलो होतो म्हणून भेट झाली. लंगडत, एका काठीवर, आणि कडेवर एक मुलगी. डॉक्टरांनी पाय पाहिला, खूश झाले, आणि हसत विचारलं की मग नाचलास की नाही?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “नाचनू नही. उभा ऱ्हायनू. रातभर.”

डॉक्टर म्हणाले, बरं, बरं, आणि पुढच्या रोग्याकडे गेले. मी तिथेच राहिलो. अंगभर राख, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसं, बाकीचे सगळे भोवती नाचतायत, आणि हा त्या आखूड पायावर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, कशालाही न धरता. चाचांच्या खाटेशी तो चार श्वास उभा राहिला होता तेव्हा खोलीत कुणी कूससुद्धा बदलली नव्हती. 

शेवटी मी विचारलं, नवस फिटला का?

 त्यानं कडेवरच्या पोरीला खाली सोडलं. ती दाराच्या त्याच मोकळ्या वाटेतून पळत गेली, आणि शेगडीपाशी जाऊन मगच थांबली.